बॅशची लायब्ररी सोर्स करताय? या चुका टाळा

पायथनमध्ये इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल आपल्या खोलीत राहतं. बॅश या शेलमध्ये (कमांड चालवणारा प्रोग्राम) खोल्याच नाहीत, सगळा चाळीतला सामायिक नळ. बॅशसोबत स्टँडर्ड लायब्ररी अशी येत नाही, म्हणून स्ट्रिंग कापणं, लॉग लिहिणं, ॲरेत शोधणं अशी फंक्शन्स लोक एका फाइलमध्ये जमवतात आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला ती 'सोर्स' करतात, म्हणजे त्या नावाच्या कमांडने आत ओढतात. सोर्स केलं की त्या फाइलची प्रत्येक ओळ तुमच्याच शेलमध्ये चालते. व्हेरिएबल तेच, ऑप्शन तेच, ट्रॅपही (स्क्रिप्ट संपताना वगैरे चालवायला ठेवलेल्या कमांड) तेच. पुढचे बहुतेक घोळ इथूनच निघतात.

स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालते, क्रॉनमध्ये मरते

पाथ चुकलाय. सोर्सला दिलेला रिलेटिव्ह पाथ स्क्रिप्ट कुठे ठेवली आहे त्यावरून मोजला जात नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून मोजला जातो. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा क्रॉन सहसा होम डिरेक्टरीतून सुरू होतो, तिथे तुमची लायब्ररी नसते. 'बॅश_सोर्स' या व्हेरिएबलमधून फाइलची स्वतःची जागा काढा आणि पाथ तिथून जोडा. 'सोर्स: नॉट फाउंड' आलं तर गोष्ट वेगळी: डेबियन-उबंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश, आणि डॅशला सोर्स कळत नाही, नुसता टिंब कळतो. बॅशची लायब्ररी असेल तर स्क्रिप्ट बॅशनेच चालवा.

चूक झाली, पण कुणी बोललंच नाही

ही मला सगळ्यात महागात पडलेली. एका फंक्शनमध्ये मी एकाच ओळीत 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल) लिहून त्यातच 'एमकेटेम्प'चं (तात्पुरतं फोल्डर बनवणारी कमांड) उत्तर भरलं होतं. खाली त्या फोल्डरात जाणारं 'सीडी' होतं आणि ते फसलं तर परत फिरायची सोयही होती. एके रात्री टेम्पचं पार्टिशन भरलं, एमकेटेम्प फसलं. पण त्या ओळीचा एक्झिट स्टेटस (कमांड जमली की फसली हे सांगणारा आकडा) 'लोकल'चा धरला जातो, एमकेटेम्पचा नाही. आणि लोकल तर यशस्वी झालं होतं. व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकाम्या नावाचं सीडी त्या बॅशमध्ये जागचं न हलता 'झालं' म्हणतं. मग टार आर्काइव्ह उघडलं ते थेट चालू कॉन्फिगच्या फोल्डरवर. सकाळी चहाआधी बॅकअप शोधत बसलो. उपाय दोन ओळींचा: आधी लोकल, खालच्या ओळीवर किंमत. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक हे टूल नेमकं यावर बोट ठेवतं, एससी २१५५ या क्रमांकाने. मी ती सूचना गप्प करून ठेवली होती, हे वेगळं सांगायला नको.

'सेट -ई' (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारा ऑप्शन) लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. फंक्शन 'इफ'च्या अटीत किंवा '&&', '||' च्या डावीकडे बोलावलं, की त्याच्या आत ते चालत नाही, अगदी खोलवर बोलावलेल्या फंक्शनांतही नाही. नेमकं लायब्ररीचं फंक्शन आपण तपासायला इफमध्येच घालतो. म्हणून आतल्या धोक्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी '|| रिटर्न' हवं.

भर घालताना

दुसऱ्याच्या लायब्ररीला पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) पाठवणारे तीच सामायिक नळाची गोष्ट विसरतात. लायब्ररीच्या फाइलीत वरच सेट -ई लिहिलं, की वापरणाऱ्याची स्क्रिप्ट ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही एवढ्यावरून बंद पडते. एक्झिटचा ट्रॅप लावला, तर वापरणाऱ्याने आधी लावलेला पुसला जातो. 'रिटर्न'ऐवजी 'एक्झिट' लिहिलं आणि कुणी टर्मिनलमध्ये सोर्स करून पाहिलं, तर खिडकीच गायब. लॉगचे निरोप स्टँडर्ड एररवर पाठवा; स्टँडर्ड आउटपुट हेच इथे फंक्शनचं उत्तर असतं, त्यात 'फाइल तपासतोय...' मिसळलं तर तेच व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतं.

नावांचा घोळ जरा नीट पाहू. व्हेरिएबलचं नाव घेऊन त्याच्या मागची-पुढची रिकामी जागा कापणारं फंक्शन आहे. आत नेमरेफ (दुसऱ्या व्हेरिएबलचं नाव धरून त्याच्याऐवजी काम करणारं व्हेरिएबल), आणि मधल्या कामाला 'टेम्प' नावाचं लोकल. टेस्ट सगळ्या हिरव्या. मग कुणीतरी आपल्या 'टेम्प' नावाच्या व्हेरिएबलवर ते चालवतं आणि काहीच बदलत नाही. एररही नाही. नेमरेफने नाव शोधलं, त्याला जवळचं म्हणजे फंक्शनमधलंच टेम्प सापडलं, उत्तर त्यात गेलं आणि फंक्शनसोबत संपलं. म्हणून आतल्या नावांना लायब्ररीचा आणि फंक्शनचा उपसर्ग लावतात, दिसायला कितीही कुरूप असो. आणि एक टेस्ट मुद्दाम आतल्याच नावाचं व्हेरिएबल देऊन लिहावी.

मॅकवाले विसरू नका. ॲपल अजून बॅश ३.२ देतं, कारण ४.० पासून लायसन्स जीपीएल ३ झालं. असोसिएटिव्ह ॲरे (आकड्याऐवजी नावाने किंमत ठेवणारे), 'मॅपफाइल' (फाइलच्या ओळी ॲरेत भरणारी कमांड), अक्षरं लहान करणारा दोन स्वल्पविरामांचा शॉर्टकट हे सगळं ४.० मधलं, २००९ चं. नेमरेफ तर ४.३ चा. 'सेट -यू' (न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की एरर देणारा ऑप्शन) चालू असताना रिकामा ॲरे उलगडला तर ४.४ च्या आधी एरर येते. प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये किमान आवृत्ती लिहिलेली नसेल, तर कोडच्या आधी तेवढा एक प्रश्न इश्यूमध्ये विचारा. मी एकदा न विचारता दोनशे ओळी पाठवल्या होत्या. उत्तर एका ओळीत आलं: '३.२ वर चालवून पाहिलं का?'