काउलिट्झवर कोहो गरवायला जाताना: पक्कड आधी, बाकी नंतर

ऑक्टोबर लागला की सिएटलच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "सॅल्मन गरवायला यायचंय, काय काय घेऊ?" दर वेळी फोनवर तेच सांगतो, म्हणून आता लिहूनच ठेवतोय. काउलिट्झ ही इथल्या वॉशिंग्टन राज्यातली नदी, आणि कोहो हा सॅल्मनचाच एक प्रकार. पहिली वस्तू पक्कड. लांब नाकाची, गंज न धरणारी, दोरीने अंगाला बांधलेली. पिशवीत नको, गाडीत तर नकोच.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या मध्याला मी काउलिट्झवर ब्लू क्रीक नावाच्या जागी उभा होतो, तरंग्याखाली गाबोळी लावून. तरंगा बुडाला आणि थोड्या वेळाने मासा गुडघाभर पाण्यात माझ्यासमोर आला. कोहोची मादी, अजून चांदीसारखी. पाठीवरचा छोटा पर शाबूत, म्हणजे सोडायचीच. गळ मात्र पार घशात गेलेला. पक्कड गाडीत आणि गाडी अर्धा मैल लांब. तंगूस तिथल्या तिथे कापून द्यायला हवा होता, पण कापायलाही जवळ काही नव्हतं आणि मला वाटत राहिलं, निघेल, आत्ता निघेल. बोटांनी खटपट करत बसलो. कल्ल्यातून रक्ताचा बारीक धागा पाण्यात लांब होत गेला. खालच्या अंगाला गरवणारे एक आजोबा पाणी तुडवत आले आणि काही न बोलता त्यांनी आपली पक्कड माझ्या हातात ठेवली. गळ निघाला. तिचं तोंड प्रवाहाकडे करून बराच वेळ धरून राहिलो, पण ती सावरली नाही. कुशीवर वळली आणि वाहून गेली. पोटात अडीच-तीन हजार अंडी तरी असतील. म्हणून पक्कड.

आता हा छोटा पर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर नदीवर जाऊच नका. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, करंगळीच्या टोकाएवढा एक मऊ मांसल पर असतो, ॲडिपोज फिन. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो नदीत सोडण्याआधी कापतात. तिथे नुसता भरून आलेला गुळगुळीत वण दिसला तर मासा हॅचरीचा. पर असेल तर तो नदीचा, इथले लोक वाइल्ड म्हणतात तो. काउलिट्झवर 1963 साली मेफील्ड आणि 1968 साली मॉसीरॉक धरण झालं आणि वरच्या पाण्याकडे जाणारी माशांची वाट बंद झाली. त्याची भरपाई म्हणून सॅल्कमजवळ हॅचरी उभी राहिली. आजही वर जायचे मासे हॅचरीजवळच्या बॅरियर डॅम या बुटक्या बंधाऱ्यापाशी धरून, ट्रकमध्ये घालून धरणांच्या पलीकडे नेऊन सोडतात. काउलिट्झ ज्या कोलंबिया नदीला मिळते तिच्या खालच्या खोऱ्यातला कोहो 2005 पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. इतकं करून जो मासा वर पोचवायचा, तो आपल्या हातून पक्कडीवाचून मरावा हे मला अजून लागतं.

परवाना काढा. तो 1 एप्रिल ते 31 मार्च चालतो, मागच्या वर्षीचा खिशात ठेवून निघू नका. सॅल्मनचं कॅच कार्ड, म्हणजे ठेवलेल्या माशांच्या नोंदीचं कार्ड, वेगळं असतं, आणि मासा ठेवला की लगेच, दुसरा गळ टाकायच्या आधी, नोंद करायची. कागदी कार्ड असेल तर पेन प्लास्टिकच्या पिशवीत. निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या मत्स्य खात्याचे नियम पुन्हा उघडून बघा. हंगामाच्या मध्येच मर्यादा बदलतात, कधी नदीचा एखादा पट्टा बंदच होतो. मागच्या आठवड्यात कुणीतरी काय सांगितलं ते धरून बसू नका.

चिनूक (सॅल्मनचाच दुसरा प्रकार) आणि कोहो ओळखता आले पाहिजेत, कारण दोघांचे नियम वेगळे असू शकतात. तोंड उघडून हिरडी बघा. दातांच्या मुळाशी पांढरट असेल तर कोहो, काळी असेल तर चिनूक. शेपटीवर कोहोला ठिपके वरच्या अर्ध्यातच असतात, चिनूकला दोन्ही अर्ध्यांत. मासळी बाजारातला रावस डोळ्यांसमोर आणून उपयोग नाही. त्याला इंडियन सॅल्मन म्हणत असले तरी तो वेगळ्याच कुळातला मासा.

गळांच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. त्या दिवशीचा नियम सांगो न सांगो, करा. दोर ताणलेला ठेवलात तर मासा सुटत नाही आणि सोडायचा असेल तेव्हा गळ अलगद निघतो. घरीच करून ठेवा, बोटं गारठल्यावर जमत नाही. गाबोळी लावून बसलात तर मासा गळ खोल गिळण्याचा संभव जास्त. नवख्यांनी ट्विचिंग जिग (झटके देत ओढायचं वजनदार नकली आमिष) किंवा स्पिनर (फिरत्या चकतीचं आमिष) वापरावा, गळ बहुधा ओठाच्या कडेलाच लागतो. आणि गळ तोंडातच लागला पाहिजे. पाठीत, पोटात अडकलेला मासा हॅचरीचा असला तरी सोडायचा.

त्याच दोरीला एक नेलकटरही बांधा. गळ घशात दिसला तर ओढाओढ करू नका. जमेल तितक्या जवळ तंगूस कापा आणि मासा जाऊ द्या.

काठी, रीळ, दोरा तुमच्याकडे असेलच. जाळं रबराचं, बिनगाठींचं घ्या. नायलॉनच्या गाठींनी खवले आणि अंगावरचा चिकट थर निघतो. हात ओले करूनच माशाला लावा. सोडायचा सॅल्मन पाण्याबाहेर पूर्ण उचलणं या राज्यात नद्यांवर बेकायदा आहे, तेव्हा फोटोसाठी छातीशी धरून उभं राहणं विसरा. पर बघायचा तो मासा पाण्यात असतानाच. त्यासाठी पाण्यावरची चमक घालवणारा पोलराइज्ड चष्मा लागतो, ढगाळ दिवशीही. आणि पर दिसल्यावर पुढचं काम पक्कडीचं. ती कुठे आहे? अंगाला.

वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, घातलात तर वरून पट्टा घट्ट आवळा. पडलात तर आत पाणी भरतं आणि उठता येत नाही. यात हयगय नको. बुटांना खिळे हवेत, गोटे शेवाळलेले असतात. नदी धरणाखालची आहे, वरून पाणी सोडलं की पातळी चढते. आदल्या रात्री मेफील्डखालचा प्रवाह ऑनलाइन बघा आणि उभे असताना काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवा. तो बुडायला लागला तर मुकाट्याने बाहेर या.

बॅरियर डॅमवर गर्दी असते, खांद्याला खांदा. शेजाऱ्याला मासा लागला की आपला दोर आत घ्या.

हॅचरीचा मासा ठेवलात तर लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, बर्फात घाला. बर्फ गाडीत आधीच असू द्या. सुरी, कोरडे मोजे, टॉवेल, चहाचा थर्मास. येताना दोन तास अंधारात गाडी चालवायची आहे, फार उशीर करू नका.

घरी आल्यावर वेडर आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा, एका नदीचा चिखल दुसरीत नको. पक्कड पुसा, सांध्यावर तेलाचा थेंब टाका आणि लगेच त्याच दोरीला बांधून वेडरच्या पट्ट्याला अडकवा.