सोसायटीचा संध्याकाळचा वीजभार कसा कमी करावा

सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, एसी, टीव्ही सुरू होतात. ही तूट औष्णिक संच आणि कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे भरून काढतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनुसार टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे) दर लागू असलेल्या घरगुती ग्राहकाला गर्दीच्या, म्हणजे विजेची मागणी सर्वाधिक असते त्या वेळी किमान १० टक्के जास्त दर पडतो, तर सौर तासांत किमान २० टक्के कमी. आपल्याकडचे नेमके तास आणि दर बिलावर पाहा. इथे गर्दीचा काळ संध्याकाळी ५ ते रात्री १२ धरला आहे.

जिन्यातले दिवे अर्धे बंद करणे किंवा एक लिफ्ट थांबवणे, यापासून सुरुवात करू नका. त्यात बचत थोडी आणि ज्येष्ठांचे हाल जास्त. आधी पंपाकडे बघा.

१. मोजणी. सामाईक मीटरवरचे बटण दाबत गेलात की 'एमडी' हा आकडा येतो. १५ मिनिटांच्या (काही मीटरांत ३० मिनिटांच्या) सरासरीतली महिन्यातली सर्वांत मोठी मागणी ती हीच. स्मार्ट मीटर असेल तर अॅपमध्ये तासागणिक वापर दिसतो. संध्याकाळी ७ वाजता वायरमनकडून क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक फीडरचा, म्हणजे पंप, लिफ्ट, दिवे यांना जाणाऱ्या वेगवेगळ्या लाइनचा करंट मोजून घ्या आणि लिहून ठेवा.

२. पंप दुपारी चालवा. ६० घरे, घरटी ५ माणसे, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ४०,५०० लिटर पाणी लागते. यातले एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १३,५०० लिटर, ५ ते १२ या वेळात जाते असे धरा. गच्चीवरची टाकी २०,००० लिटरची असेल आणि ५ वाजता भरलेली असेल, तर रात्री पंप लावावाच लागत नाही. १२ मजली इमारतीत ७.५ एचपीचा पंप ही टाकी साधारण पाऊण तासात भरतो आणि त्याला जवळपास ५ युनिट लागतात. चार विंगांना असेच चार पंप असतील, तर रोज २० युनिट संध्याकाळवरून दुपारवर सरकतात. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर दुपारी त्यांचीही वीज पंपाला मिळते.

दुपारी साडेतीन ते पाच अशी वेळ टायमरवर लावा. टायमर बॅटरी बॅकअपचाच घ्या. नाहीतर वीज गेली की त्याचे घड्याळ मागे पडते आणि पंप काही दिवसांत पुन्हा सात वाजता सुरू होऊ लागतो. टायमरची जोडणी मोटरच्या मुख्य तारांत करू नका. तो स्टार्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये, टाकी भरल्यावर पंप थांबवणाऱ्या फ्लोटच्या (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) सिरीजमध्ये जोडावा. टाकीत पाव पाणी उरले की चालू होणारा दुसरा फ्लोट टायमरला समांतर असू द्या, म्हणजे लग्नाकार्याच्या दिवशीही नळ कोरडे पडणार नाहीत. जमिनीखालच्या टाकीतले पाणी संपले की पंप थांबवणारा ड्राय-रन फ्लोट मात्र दोघांच्याही सिरीजमध्येच हवा. नगरपालिकेचे पाणी संध्याकाळीच येत असेल तर खालच्या टाकीत दुपारपर्यंत किती उरते ते आधी तपासा. पुरेसे उरत नसेल तर पंप मध्यरात्रीनंतर लावा.

फायर पंप आणि अग्निशमनाचे राखीव पाणी यांना कोणत्याही टायमरशी जोडू नका.

३. ईव्ही चार्जिंग. ३.३ किलोवॅटच्या दहा गाड्या आठ वाजता एकदम लागल्या की ३३ किलोवॅटचा भार येतो. गाडीच्या किंवा चार्जरच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची वेळ रात्री १२ नंतरची ठेवा. सगळ्यांनी बरोबर बारालाच लावले तर शिखर फक्त पुढे सरकते, म्हणून अर्ध्या गाड्यांना १२ आणि उरलेल्यांना ३ अशी वेळ वाटून द्या.

४. एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) हवा सोडणारा ब्लोअर. सात तास तो बंद ठेवायचा मोह होतो, पण हवेविना टाकीतले जिवाणू मरतात आणि वास सुटतो. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बंद ठेवू नका. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकतो का, ते ऑपरेटरकडून तपासून घ्या.

५. केव्हीए (तारांतून घेतलेली एकूण वीजशक्ती). पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.८ असेल तर २० किलोवॅटच्या भाराची मागणी २५ केव्हीए नोंदली जाते, ०.९८ असेल तर २०.४. पंपाच्या मोटरला योग्य मापाचा कॅपॅसिटर बसवा आणि फुगलेले जुने बदला. 'सॉफ्ट स्टार्टरने एमडी उतरतो' असे सांगून कोणी विकायला आले तर घेऊ नका. मोटर सुरू होतानाचा सहा-सात पट करंट काही सेकंदच टिकतो, १५ मिनिटांच्या सरासरीत तो जाणवतही नाही.

घरांमध्ये एसी २४ अंशांवर ठेवा. वॉशिंग मशीन आणि इस्त्री पाचच्या आत उरकता आली तर उत्तम.

६. पडताळणी. पुढच्या बिलात संध्याकाळच्या झोनमधले युनिट आधीच्या महिन्याशी ताडून पाहा. उतरले नसतील तर रात्री दहाला पंपघरात जाऊन बघा. पंप चालू सापडला तर वरच्या टाकीतून पाणी गळते आहे, फ्लशचे व्हॉल्व्ह वाहत आहेत किंवा सिलेक्टर स्विच कोणीतरी मॅन्युअलवर ठेवला आहे.