घरी बांधलेल्या विमानासाठी इंजिन निवडताना
आधी अश्वशक्ती पाहू नका, दोन ओव्हरहॉलमधले (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीमधले) तास पाहा. रोटॅक्स कंपनीचं टू-स्ट्रोक ५८२ इंजिन दर ३०० तासांनी उघडावं लागतं. त्याच कंपनीच्या फोर-स्ट्रोक ९१२ यूएलएसच्या नव्या इंजिनांना २००० तास मिळतात. त्याची १०० अश्वशक्तीही फक्त ५ मिनिटांपुरती, सलग उड्डाणात त्याहून थोडी कमी. दुहेरी इग्निशन (ठिणगी पाडणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा) हवंच, तिथे तडजोड नको.

मोटारीचं इंजिन स्वस्त पडतं खरं. पण दगा बहुतेकदा इंजिन देत नाही. देतात त्याच्या भोवतीच्या गोष्टी: कूलिंग, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचा वेग कमी करून पंख्याला देणारी जोडणी). म्हणून तुमच्याच प्रकारच्या विमानात, त्याच जोडणीसह इतरांनी शेकडो तास उडवलेलं इंजिन घ्या. वापरलेलं असेल तर लॉगबुकशिवाय (वापर आणि देखभालीच्या नोंदवहीशिवाय), कितीही मोह झाला तरी, घेऊ नका.