भाकरी कमी करण्याआधी मीठ मोजा

मागच्या चैत्रात मी भाकरी-भात एकदम कमी केला, अंडी-पनीर वाढवलं आणि नवव्या दिवशी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना डोळ्यांसमोर अंधारी आली. कठडा धरून खाली बसले. त्याआधीच्या दोन रात्री पोटरीत गोळे येऊन जाग येत होती. घाबरून संध्याकाळी दोन भाकऱ्या आमटीत कुस्करून खाल्ल्या, वर लोणचं घेतलं, आणि तासाभरात हुशारी आली. माझी खात्रीच पटली की आपल्या अंगाला भाकरीच लागते. सगळं सोडून दिलं. महिन्याभरानं डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्यांनी भाकरीचं नावही काढलं नाही. "मीठ किती जात होतं पोटात?" एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही. या वेळी पुन्हा सुरू करायचंय, म्हणून आधीची तयारी लिहून काढली.

सगळ्यात आधी डॉक्टर. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी कमी आणि डोस तोच, यानं साखर धोक्याइतकी खाली येते. गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, धोक्याइतकी साठण्याची भीती असते. बीपीच्या गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या मनानं प्रोटीन वाढवायचं नाही. गरोदर बायकांनी आणि बाळाला पाजणाऱ्यांनी हे करूच नये. शेजारणीला जमलं, हे कारण पुरत नाही.

मग तारीख. चैत्र-वैशाखात सोलापुरात सुरुवात करू नका. पारा चाळिशीच्या वर जातो आणि नुसतं घरात बसूनही अंग घामानं निथळतं. संक्रांत होऊ द्या, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा फिरून या, हुरडा खाऊन घ्या, मग सुरू करा. उन्हाळ्यापर्यंत अंगाला सवय होते.

आता मीठ. भाकरी-भात कमी झाला की अंगातलं इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मिठातलं सोडियम धरून ठेवत नाहीत. ते लघवीवाटे जातं, मागोमाग पाणीही जातं. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर वापरली जाते, तिच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो उतरलेले दिसतात ते बहुतेक हे पाणी. मी त्याला चरबी समजून घरभर सांगत फिरले होते. त्यात आपल्याकडचा घाम. आणि जे माझ्या ध्यानातच आलं नाही ते असं, की आमच्याकडे भाकरीच्या पिठात मीठ नसतं, मीठ असतं ते तिच्या बाजूच्या शेंगाचटणीत, ठेच्यात, आमटीत, लोणच्यात. भाकरी गेली तशी ही सगळी ताटातून गेली, आणि उरलं अळणी उकडलेलं अंडं. वर मी दिवसाला चार-चार लिटर नुसतं पाणी पीत होते. मीठ कमी असताना नुसतं पाणी ढोसल्यानं उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं.

म्हणून सकाळी एका छोट्या वाटीत पाऊण चहाचा चमचा मीठ काढून ठेवा. पूर्ण चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम, पण घरच्या भाजीतही मीठ असतंच, ते धरून पाऊण. अंड्यावर, पनीरवर, ताकात त्या वाटीतलंच घ्यायचं. रात्री वाटी रिकामी झाली का, ते बघायचं. उन्हात गेलात किंवा व्यायाम झाला तर मीठ घातलेलं एक ताक जास्त. सैंधव घेतलं तरी चालेल, तेही मीठच आहे. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र हे प्रमाण तुमचं नव्हे, डॉक्टर सांगतील तेच. आणि चक्कर आलीच तर ओआरएस घ्या. एका लिटरला त्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, त्या वेळी ते मोजत बसू नका.

प्रोटीनचा हिशोब कागदावर करा. माझं वजन 60 किलो. किलोमागे 0.83 ग्रॅम ही रोजची सर्वसाधारण शिफारस, म्हणजे 50 ग्रॅम. व्यायाम करते म्हणून मी 70 धरते. अंड्यात 6, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18, सोयाबीनच्या 25 ग्रॅम कोरड्या वड्यांत 13. आमटीवर भागत नाही, तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत 22 ग्रॅम प्रोटीन असलं तरी वाटीभर आमटीत डाळ पडते किती? शेंगाचटणी परत आणा, मिठासाठी तर आणाच, पण दोन चमचे. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असतं. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं-मटण चालत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी पनीर, वड्या आणि चक्का आदल्या रात्रीच तयार ठेवते. नाहीतर उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पुढ्यात येते आणि ती निव्वळ पिष्ट.

कडक भाकरीनं फसू नका. पापडासारखी हलकी लागते, पण उडालेलं असतं पाणी, पीठ तेवढंच राहतं. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. काट्यावर पीठ एकदा तोलून बघा. दिवसाला एक भाकरी, दुपारी, बस.

भाज्या: मेथी, शेपू, गवार, दोडका, वांगी. भरपूर. नाहीतर पोट साफ होत नाही.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोकं दुखेल, चिडचिड होईल. आधी मिठाची वाटी बघा, मग गोळी शोधा.

तिसऱ्या आठवड्यात लग्नाचं आमंत्रण येतंच. मटण घ्या, रस्सा घ्या, भात सोडा.

महिन्यानं पुन्हा तपासणी. मीठ संपत आलं असेल तर तेवढं आजच आणा.