प्राण्यांच्या संवेदना शिकवणारे रोबो: या चुका टाळा

आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरवर दोन गोल डब्या असतात आणि त्या हुबेहूब डोळ्यांसारख्या दिसतात. मुलं त्यांना लगेच डोळे म्हणतात, मोठी माणसंही म्हणतात, आणि आवाजावरून वाट शोधणाऱ्या वटवाघळाचा अख्खा धडा तिथेच फसतो. त्यातली एक डबी आवाज सोडते, दुसरी परत आलेला आवाज ऐकते. म्हणजे एक तोंड आणि एक कान. रोबोला कागदी डोळे लावायची मुलांना हौस असतेच, पण ते या डब्यांवर नकोत.

हा आवाज साधारण ४० किलोहर्ट्झचा असतो. माणसाला २० च्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून रोबो मुका वाटतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, पण इथे तो जाऊन परत येतो. रोबो अंतर दुप्पट दाखवत असेल, तर प्रोग्राममध्ये वेळ निम्मी करायची राहिली आहे.

आकडे मध्येच भलतेच यायला लागले की बरेच जण सेन्सर बदलतात. आधी समोर काय आहे ते बघा. उशी आवाज शोषून घेते, तिरपं धरलेलं पुस्तक तो दुसरीकडेच वळवतं. ही अडचण चटकन सोडवून देणं मला सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण खरा धडा तिच्यातच आहे. एकाच अंतरावर आधी पुस्तक सरळ धरा, मग तिरपं, मग उशी, आणि आकडे मुलांनाच लिहू द्या. त्यानंतर सांगा की काही पतंगांच्या अंगावरचे खवले वटवाघळाचा आवाज असाच शोषतात. असा पतंग कसा वाचत असेल, हे मुलं आपणहून सांगतात. शिकार जवळ आली की वटवाघूळ सेकंदाला दीडशेहून जास्त हाका देऊ शकतं, हेही इथेच सांगावं. मात्र सगळीच वटवाघळं असं करत नाहीत. फळं खाणारी बरीचशी मोठी वटवाघळं डोळ्यांवर आणि वासावर चालतात.

उजेडाकडे जाणाऱ्या रोबोत एकच एलडीआर (उजेड ओळखणारा छोटा सेन्सर) लावला तर उजेड किती ते कळतं, कुठून येतोय ते कळत नाही. दोन लावा, दोघांभोवती काळ्या कागदाची नळी करा, नाहीतर उजळ खोलीत दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच येतात. जास्त उजेडाला मोटर जोरात फिरेल असं ठेवून डावा सेन्सर उजव्या मोटरला आणि उजवा डाव्या मोटरला जोडला, की रोबो दिव्याकडे वळतो. वायरींची अदलाबदल झाली तर तो दिव्यापासून पळतो. लगेच वायरी बदलू नका, असं कोणता प्राणी करतो ते विचारा. झुरळाचं नाव हमखास येतं. पतंगाला मात्र दिवा आवडतो असं सांगू नका. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ करून तोल सांभाळू पाहतात आणि दिव्याभोवती अडकतात.

मोटर सुरू होताच रोबो चालवणारा बोर्ड रीसेट होत असेल तर सहसा दोष प्रोग्रामचा नसतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला मोटरचा भार झेपत नाही. मोटरला वेगळे सेल द्या आणि मोटर व बोर्ड या दोन्हींचे ग्राउंड (उणे टोकं) एकत्र जोडा.