भरपाईच्या वाटाघाटी: या कामात उतरू पाहणाऱ्यांसाठी

नांदेड-परभणीकडची मुलं परराष्ट्र सेवेबद्दल विचारायला माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शिखर परिषदा असतात. मी त्यांना अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या एका पदाविषयी सांगतो: होलोकॉस्टविषयक, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराविषयीच्या, प्रश्नांसाठीचा विशेष दूत. १९९९ पासून हे पद आहे आणि सेवेत मुरलेल्या अनेक मुत्सद्द्यांनी ते सांभाळलंय. नाझींनी ज्यांची घरं, बँकखाती, चित्रं, उमेदीची वर्षं लुटली, त्यांना जिवंतपणी काहीतरी परत मिळावं म्हणून सरकारांशी बोलत राहायचं, हे ते काम.

यातली देवघेव आधी समजून घ्या. २०१४ साली फ्रान्सने ६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. फ्रेंच रेल्वेने छळछावण्यांकडे नेलेल्या, पण फ्रान्सच्या भरपाई योजनेत न बसणाऱ्या लोकांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी ही रक्कम होती. बदल्यात फ्रान्सला हवं होतं अमेरिकी कोर्टांतल्या दाव्यांपासून संरक्षण. पीडिताला पैसा, देणाऱ्याला कोर्टकचेरीतून सुटका. काहींना हा सौदा खटकतो. मलाही विद्यार्थीदशेत खटकायचा. पण नव्वदीतल्या माणसाला पंधरा वर्षं चालणारा खटला काय कामाचा?

पैशानेच सगळं भागतं असंही नाही. नाझींनी सक्तीने राबवलेल्या मजुरांसाठी जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून १००० कोटी मार्कांचा निधी ठरवला, तेव्हा डिसेंबर १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांनी जर्मन जनतेच्या नावाने जाहीर क्षमा मागितली. पीडितांना ते शब्दही हवे होते.

खरी कसोटी पुराव्याची. स्विस बँकांनी खातेदारांच्या वारसांकडे मृत्यूचा दाखला मागितला होता. ऑशविट्झच्या छळछावणीत मारलेल्या माणसाचा दाखला कोण देणार? १९९८ मध्ये या बँका १२५ कोटी डॉलरच्या तडजोडीला तयार झाल्या, त्याआधी वारसांनी कित्येक वर्षं अशी उत्तरं ऐकली. त्याच वर्षी ४४ देशांनी मान्य केलेल्या वॉशिंग्टन तत्त्वांत म्हणूनच एक कलम आलं: लुटलेल्या कलाकृतींच्या मालकीच्या इतिहासात काळामुळे आणि परिस्थितीमुळे राहिलेल्या त्रुटी समजून घ्याव्यात. ही तत्त्वं कायद्याने बंधनकारक नाहीत. तरी माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वकिलीची उमेदवारी करताना मी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या म्हाताऱ्यांची सन्मान पेन्शनची प्रकरणं पाहायचो. तुरुंगाचं रजिस्टर उर्दूत, आडनावाचा पत्ता नाही, नुसतं ‘किशन वल्द रामा’, म्हणजे रामाचा मुलगा किशन. अर्जावरचे किशनराव ते हेच, हे कसं सिद्ध करायचं? ज्यांचा कागदच सापडत नव्हता, त्यांना सहकैद्याचं प्रमाणपत्र जोडावं लागे, आणि सहकैदी बहुधा वारलेले. असेच एक आजोबा माझ्यासमोर बसून बराकीत कोण कुठे झोपायचं ते बोटाने टेबलावर काढून दाखवायचे. भिंत, दार, पाण्याचा रांजण. त्या नकाशाला अर्जात रकाना नव्हता.

पुढे जर्मनीत शिकताना बाड आरोल्झनच्या संग्रहाशी ओळख झाली. नाझी छळातल्या सुमारे पावणेदोन कोटी लोकांची कागदपत्रं तिथे आहेत. एकच नाव प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाने लिहिलेलं, म्हणून तिथली नावांची सूची उच्चारावरून लावली आहे. किशन वल्द रामाला असं कुणीतरी शोधायला हवं होतं.

आता तयारीचं. अमेरिकेचं ते पद आपल्याला मिळणार नाही, हे उघड आहे. यूपीएससीतून भारतीय परराष्ट्र सेवेत गेलात तर एक परदेशी भाषा शिकावीच लागते, ती मनापासून शिका. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या आशियाईंच्या मालमत्तांचा प्रश्न जरूर अभ्यासा. त्यात आपलीच माणसं होती. सेवेत जायचं नसेल तर अभिलेखागारं, संग्रहालयांतला मालकीशोध (वस्तू आधी कुणाकुणाची होती ते शोधणं) आणि दाव्यांचा कायदा या वाटा आहेत. तिथे गुणांपेक्षा जुना कागद वाचता येणं उपयोगी पडतं.

ते शिकायला बर्लिनला जायची गरज नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी निजामकालीन कागद धुंडाळायची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे किती थोडे उरलेत ते सगळ्यांना कळलं. गावात खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, वाचणारं जुनं माणूस असेल, तर या सुट्टीतच त्यांच्याकडे वही घेऊन बसा.