ओस पडणाऱ्या डोंगरी गावात सामायिक साधनांची घडी कशी बसवावी

गाव ओस पडू लागले की सर्वांना आधी पर्यटन सुचते. सुरुवात मात्र तिथून करू नये. कुरण, जंगल, झरे, पायवाटा, बंद शाळा आणि पडीक पायऱ्यांची शेते यांची प्रत्यक्ष फिरून यादी करावी. प्रत्येक बाबीपुढे कागदावरची मालकी आणि चालत आलेली वहिवाट स्वतंत्र रकान्यांत लिहावी, कारण बहुतेक भांडणे या दोन रकान्यांतील तफावतीतूनच उद्भवतात. जाणत्या वृद्धांना सोबत घ्यावे; बुजलेला झरा नकाशावर सापडत नाही.

झऱ्याच्या बाबतीत एक मोजमाप लगेच सुरू करावे. पंधरा लिटरची बादली भरण्यास किती सेकंद लागतात, हे दरमहा वहीत टिपावे. वर्षभराच्या या नोंदींवरून पाण्याची वाटणी ठरवता येते आणि वरच्या उतारावर चर खणल्याचा उपयोग झाला की नाही, हेही पुढे कळते.

नियम असे असावेत की त्यांचे पालन कोणालाही मोजता यावे. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावात १५१७ पासून असा नियम होता की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवाव्यात. देखरेख करणाऱ्या गावकऱ्याला दंडाची निम्मी रक्कम मिळत असे, त्यामुळे राखणीचा भार फुकटच्या सेवाभावावर पडत नसे. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी हे उदाहरण अभ्यासले होते. पहिल्या चुकीला दंड किरकोळ ठेवावा, पुढे तो वाढवावा.

उद्योग एकच आणि गावाला रोज लागणारा निवडावा. इटलीतील अपेनाइन डोंगररांगेतल्या सुच्चिझो गावाने १९९१ मध्ये सहकारी संस्था काढली आणि बंद शाळेच्या इमारतीत दुकान व उपाहारगृह चालवले. पाहुण्यांची सोय त्याच आधारावर उभी राहिली.

सर्वांत चिवट प्रश्न बाहेरगावी राहणाऱ्या जमीनमालकांचा असतो. जमीन विकण्याचा विषय काढताच ते सावध होतात, म्हणून मालकीला धक्का न लावता ठरावीक मुदतीचा लेखी भाडेपट्टा मागावा. मुदत संपल्यावर लावलेली झाडे आणि दुरुस्त केलेले बांध कोणाचे, हे कलम त्याच करारात घालावे.